केन्याच्या फुलासाठी झिजलो

मी एक जुना निळा खडू आहे, मित्रांनो. पण खडू म्हणावे एवढा मी आता उरलेलो नाही. एका काडेपेटीत कापसाच्या गादीवर पडून असतो. पेटी उघडणाऱ्याला आधी वाटते, आत मसुरीचा दाणा आहे. तो उचलायला जातो आणि त्याची बोटे निळी होतात. एवढे काम मला अजून जमते.

तुमच्या शाळेत फळ्यावर लिहितात तो खडू माझा दूरचा भाऊ. मी चित्रे काढण्याचा खडू. मला पेस्टल म्हणतात. पांढऱ्या खडूची पूड, निळ्या रंगाची पूड आणि डिंकाचे पाणी यांची कणीक मळून मला हातावर वळले आणि सावलीत वाळवले. डिंक जास्त झाला तर आम्ही कडक होतो आणि कागद ओरबाडतो. कमी झाला तर धरल्याबरोबर आमचा भुगा होतो. मला वळणाऱ्या बाईंचा हात जाणता होता, म्हणून मी मऊ झालो, पण लेचापेचा झालो नाही. अंगाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून त्यांनी मला इतर रंगांबरोबर एका पेटीत निजवले. माझ्या एका बाजूला हिरवा होता, दुसऱ्या बाजूला जांभळा. जांभळ्याला वाटे, निळ्याचे काम मीही करू शकतो. मला त्याचा राग येई, पण पेटीत जागा बदलता येत नाही.

आमची पेटी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात आली. दुकानदाराचे नाव ताराचंद. त्याच्याकडे पाट्या, दौती आणि वह्या भराभर खपत. आमच्याकडे कोणी बघेना. शेवटी एका दुपारी धोतर नेसलेला एक उंच माणूस आला. त्याचे नाव रामाजी. तो उमरेडचा विणकर होता आणि बहिणीच्या घरी जाण्याआधी बसस्टँडवरून थेट दुकानात आला होता.

"चित्र काढाचे रंग दाखव गा," तो म्हणाला. "भाचीसाठी पायजे."

ताराचंदने पेटी पुढे केली. रामाजीने एकेक खडू उचलून अंगठ्याच्या नखावर घासून पाहिला. माझ्यापाशी तो थांबला.

"हा निळा पक्का आहे काय?"

"भाऊ, याला धुवायचं थोडंच आहे? कागदावर घासायचं."

"तरी विचारलेलं बरं. एका कच्च्या निळ्यानं माही पूर्ण किनार डुबवली होती."

मी पक्का की कच्चा, हे ताराचंदला सांगता आले नाही. मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. पण रामाजीने नखावरचा रंग उजेडात धरला, मान हलवली आणि पेटी पिशवीत टाकली. ही गोष्ट साधारण एकोणीसशे सत्तर सालची.

धरमपेठेच्या मागे नाला ओलांडला की एक वस्ती होती. तिथे रामाजीची बहीण पार्वतीबाई राहत असे. तिचे यजमान आनंदराव एका कार्यालयात शिपाई होते. प्रेमिला ही त्यांची मुलगी, सातवीत शिकणारी. घर दोन खोल्यांचे, पण तिथे धुळीला थारा नव्हता. जमीन सारवलेली, भांडी लखलखीत, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची काच रोज पुसलेली. त्या घरात शिरताना मला बरे वाटले. पुढे काय होणार हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

मामाने पेटी पुढे केली, पण प्रेमिलाने हात लावला नाही.

"मामा, मी रंग घेत नाही. बाई म्हणतात, मी छापते."

हकिकत अशी होती. आदल्या वर्षी शाळेत चित्रांचे प्रदर्शन भरले होते. प्रेमिलाने गुलाब काढला होता. चित्रकलेच्या इंदुताईंनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, मागून पुढून पाहिला आणि म्हणाल्या, "हे तुझ्या हातचं नाही, प्रेमिला. हा गुलाब कॅलेंडरवरचा आहे. छापलेली चित्रं आपण लावत नाही." सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. प्रेमिला कागद घेऊन जागेवर जाऊन बसली. तिचे चित्र भिंतीवर लागले नाही.

"छापलं होतं काय?" रामाजीने विचारले.

"नाही. कॅलेंडर पाहून काढलं. कागदाखाली नोयतं ठेवलं."

"मंग बाईले सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय होते? खरा गुलाब मी पाह्यलाच नाही."

रामाजीने पेटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "तं मंग कॅलेंडर पाहू नको. जे कोणी छापलंच नाही, ते काढ."

प्रेमिलाने पेटी घेतली. झाकण उघडून तिने आमच्यावरून बोट फिरवले, आणि ते बोट परत घेताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरलो नाही. हसू नव्हते ते. ही मुलगी आता मागे हटणार नाही, एवढे मला कळले.

भाद्रपदात इंदुताईंनी या वर्षीच्या प्रदर्शनाचा विषय सांगितला. रानफुले. प्रत्येकीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले एक रानफूल काढायचे. चित्र समोर पाहून काढले आहे अशी बाईंची खात्री पटली तरच ते शाळेच्या सभागृहात लागणार, खाली मुलीचे नाव लिहून.

"या वेळी माझं चित्र भिंतीवर लागन," प्रेमिला घरी येऊन म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे. दप्तर ठेवता ठेवता म्हणाली.

घरामागे नाल्याच्या उतारावर केना माजला होता. केना तुम्हाला माहीत असेल. पावसाळ्यात कुठेही उगवतो, जमिनीसरशी पसरतो, शेतकरी त्याला उपटून फेकतात आणि आमच्या पार्वतीबाईसारख्या बाया त्याची भाजी करतात. एका सकाळी आईबरोबर भाजी खुडताना प्रेमिलाचा हात थांबला. पानांच्या द्रोणासारख्या घडीतून एक फूल वर आले होते. नखाएवढे. दोन पाकळ्या निळ्या, उंदराच्या कानांसारख्या उभ्या. तिसरी खाली, इवलीशी आणि इतकी फिकी की नाहीच वाटावी. मधे पिवळे ठिपके.

"फुलं काय पाहतं वं, पानं खुड," पार्वतीबाई म्हणाली. "तुह्या बापाले जेवून कामावर जाचं आहे."

"माय, हे निळं आहे."

"मंग? दरवर्षीच राहते."

प्रेमिला घरात धावली आणि आमची पेटी घेऊन आली.

आता चित्र काढण्याबद्दल थोडे सांगतो, कारण त्या पहिल्या सकाळी प्रेमिलाच्या हातून ज्या चुका झाल्या त्या तुमच्याही होतील. तिने मला पेन्सिलीसारखे धरले आणि पाकळीची कड जोरात गिरवली. मी मधोमध मोडलो. ती घाबरली. मित्रांनो, घाबरण्याचे कारण नसते. पेस्टल मोडला की त्याचे खरे काम सुरू होते. तुकडा आडवा धरून कागदावर हलकेच फिरवला की रंग धुक्यासारखा बसतो. मग बोटाने तो जिथे हवा तिथे न्यायचा. आधी फिका रंग, मग गडद. पानासाठी आधी पिवळा आणि त्यावर हिरवा, तर पान जिवंत दिसते. सावलीला काळा घेऊ नये. काळा रंग सगळ्यांना गिळतो. निळ्या पाकळीच्या मुळाशी जांभळ्याचा एक हात पुरतो. जांभळा त्या दिवशी फारच खूष होता.

कागदही तिने स्वतः शोधला. वह्यांना घालतात तो खाकी कागद, त्याची खरखरीत बाजू. गुळगुळीत कागदावरून आम्ही घसरतो, खरखरीत कागद आम्हाला धरून ठेवतो. रंग जास्त झाला तर फुंकायचे नाही. कागद तिरपा धरून मागून टिचकी मारायची, म्हणजे नको तेवढाच रंग खाली पडतो. हे तिला कोणी शिकवले नाही. चार कागद वाया गेले, मग जमले.

पण मोठी अडचण पुढेच होती. चित्र अर्धे होत आले आणि फूल मिटले. पाकळ्या आक्रसल्या, ओल्या झाल्या, एका निळ्या थेंबासारख्या घडीत गुंडाळून गेल्या. प्रेमिलाला वाटले, आपला हात लागला म्हणून मेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याच घडीतून दुसरे फूल. तेही ऊन चढताच मिटले. केन्याचे फूल एका सकाळपुरतेच असते. आणि शाळा अकराला भरे.

तिने एकदा फांदी तोडून पेल्यात घालून शाळेत नेली. मी दप्तरात होतो. वर्गात पोचेपर्यंत पेल्यात नुसती पाने होती.

"बाई, प्रेमिलानं भाजी आणली," चारुशीला म्हणाली. ती प्रेमिलाच्या पुढच्या बाकावर बसे.

"फोडणी कोण देणार?" मागून कोणी तरी विचारले.

इंदुताईंनी पेला हातात घेऊन फिरवला. "हे काय आहे, प्रेमिला?"

"केना, बाई."

"आणि फूल?"

"होतं, बाई. सकाळी होतं."

वर्ग हसला. इंदुताई हसल्या नाहीत. पेला टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मी केन्याचं फूल कधी नीट पाहिलेलं नाही. आता तूही ते मला दाखवू शकत नाहीस. मग तुझं चित्र खरं की खोटं, हे मी कशावरून ठरवायचं?"

"बाई, दुसरं फूल काढ, जास्वंद काढ, असं सांगा ना तिला," चारुशीला म्हणाली. तिचा हेतू वाईट नव्हता.

"मी केनाच काढते," प्रेमिला म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी ती उतारावर जाऊन बसू लागली. रोज फूल नवे, झाड तेच. एका सकाळी फक्त पाने, एका सकाळी फक्त ती द्रोणासारखी घडी, एका सकाळी डावी पाकळी. मी रोज झिजत होतो. माझ्या अंगावरची कागदाची पट्टी गेली, मग माझा एक तुकडा पूर्ण संपला, दुसरा करंगळीच्या पेराएवढा राहिला. मला त्याचे दुःख नव्हते. पेटीत सुरक्षित पडून राहण्यापेक्षा ते बरे. आणि चित्र असे उतरले होते की आनंदरावांनी कागदाजवळ तोंड नेऊन वास घेतला.

शुक्रवारी चित्र पुरे झाले. शनिवारी ते बाईंना दाखवायचे होते. प्रेमिलाने ते ट्रंकेवर सपाट ठेवले आणि पाणी भरायला नळावर गेली. पेटीचे झाकण उघडे होते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

पार्वतीबाई केर काढून आली. तिने कागद उचलला, उजेडाकडे धरला. रंगाची बारीक पूड तिच्या हातावर उतरली. "केवढी धूळ बसली वं याच्यावर," ती स्वतःशीच म्हणाली. लेकीचे चित्र उद्या शाळेत जाणार, बाईंच्या हातात पडणार. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि तो कागद पुसला. घाईने नव्हे, मन लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तसबिरीची काच पुसते तसा. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. मग तिने कागद पुन्हा ट्रंकेवर ठेवला आणि त्याच्या कडा सरळ केल्या.

प्रेमिला आली. घागर खाली ठेवायचीही तिला शुद्ध राहिली नाही.

"माय, हे काय केलं?"

"पुसून ठेवलं. तुह्या बाईले साफ दिसन म्हणून."

प्रेमिलाने कागद उचलला. त्यावर निळसर हिरवा धूर पसरला होता. फूल कुठेच नव्हते. पार्वतीबाईने आधी कागदाकडे, मग आपल्या पदराकडे पाहिले. पदर निळा झाला होता.

"हा रंग होता काय?"

"हो, माय."

"एवढ्यानं निघते?"

"एवढ्यानं निघते."

पार्वतीबाई खाली बसली. तिने पदराचे टोक मुठीत धरले आणि बराच वेळ ती मूठ उघडली नाही. प्रेमिला रडली नाही. तिने घागर ठेवली, आमच्या पेटीतून मला हातात घेतले आणि मी किती उरलो आहे ते पाहिले.

शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणजे त्या दिवशी फुलासमोर बसायची सोय नव्हती. प्रेमिला तो पुसलेला कागद घेऊनच बाईंसमोर उभी राहिली.

"हे काय आहे?" इंदुताईंनी विचारले.

"चित्र होतं, बाई. मायनं धूळ समजून पुसलं."

मुली हसल्या. चारुशीला म्हणाली, "कधी फूल मिटतं, कधी चित्र पुसतं. हिचं सगळं अस्संच."

इंदुताईंनी हात वर करून वर्ग गप्प केला. त्या काहीशा थकल्यासारख्या दिसत होत्या. "प्रेमिला, सोमवारी सकाळी चित्रं भिंतीवर लागतील. तुला मी यापेक्षा जास्त वेळ देऊ शकत नाही."

"उद्याची सकाळ आहे, बाई. उद्या काढते."

"आणि परवा तू चित्र आणलंस तर मी पुन्हा तोच प्रश्न विचारीन."

"म्हणून म्हणते, बाई, तुम्ही या." वर्गात ती शाळेचे मराठी बोलायची, पण त्या दिवशी तिची जीभ घरच्या वळणावर गेली. "ते फूल शाळेत येत नाही. मले आणता येत नाही. तुम्हीच त्याच्याकडे या. मी तुमच्यासमोर काढतो."

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. नाल्यापलीकडे, प्रेमिलाच्या वस्तीत, शाळेतली कोणतीच बाई कधी गेली नव्हती. इंदुताईंनी चष्मा काढून पुसला.

"किती वाजता उमलतं?"

"ऊन खाली उतरलं की. उशीर केला तर मिटते."

"येईन. पण मी मधे एक शब्द बोलणार नाही. काही सुचवणार नाही. जे होईल ते तुझं."

"चालेल, बाई."

रविवारी सकाळी इंदुताई सायकलवरून आल्या. नाल्याजवळ चिखल होता, म्हणून सायकल हातात धरून आल्या. वस्तीतली पोरे मागे. पार्वतीबाईने शेजारून खुर्ची मागून आणली होती, पण उतारावर ती उभी राहीना. मग इंदुताई पाटावर बसल्या. पार्वतीबाई दाराशीच थांबली. तिने बाईंना नमस्कार केला, पण मान वर केली नाही.

प्रेमिलाने कागद मांडीवरच्या फळीवर ठेवला. समोर केना, त्यावर नुकते उमललेले फूल. तिने आधी पुष्कळ वेळ नुसते पाहिले. मग पिवळा घेतला. पाने झाली. हिरवी घडी झाली. इतक्या दिवसांत हाताला जे कळले होते ते सगळे त्या सकाळी भराभर बाहेर आले. आदल्या चित्राचे तिला दुःख करायला वेळच नव्हता.

मग माझी पाळी आली. मी आधीच पेराएवढा होतो. डावी पाकळी झाली तेव्हा मी वाटाण्याएवढा उरलो. उजवी निम्मी झाली आणि मला चिमटीत धरता येईना. तिचे नख कागदाला लागू लागले. आणखी एकदा ओढले असते तर कागद फाटला असता. तिने मला बाजूला ठेवले आणि पेटीच्या तळाशी पडलेला माझा भुगा बोटाने गोळा केला. तो पुरण्यासारखा नव्हता.

जांभळा पेटीत भरपूर शिल्लक होता. उरलेली अर्धी पाकळी जांभळ्याने भरली असती तर सभागृहात कोणाच्या लक्षात आले असते? तिने जांभळा उचललाही. फुलाकडे पाहिले. मग तो परत ठेवला.

"हा तो रंग नाही," ती म्हणाली.

इंदुताईंनी शब्द दिला होता. त्या ओठ मिटून बसल्या होत्या. ऊन उतारावरून खाली सरकत होते. पाकळीची कड किंचित वळू लागली होती.

तेवढ्यात पार्वतीबाई दारातून आत गेली आणि कागदाची एक पुडी घेऊन बाहेर आली. आनंदरावांचा कार्यालयातला सदरा पांढरा होता. तो धुतल्यावर ती ज्या निळीच्या पाण्यात बुडवी, ती नीळ त्या पुडीत होती. ती लेकीजवळ बसली आणि पुडी उघडून धरली.

"हे चालते काय?" तिने हळूच विचारले. "मले काही समजत नाही त्यातलं. चालत नसन तं नेतो परत."

प्रेमिलाने बाईंकडे पाहिले. बाई काही बोलल्या नाहीत. मग तिने स्वतःच ठरवले. चिमूटभर नीळ बोटावर घेतली आणि आधी कागदाच्या कोपऱ्यात घासून पाहिली. मित्रांनो, नवा रंग आधी कोपऱ्यात पाहावा, चित्रावर नाही. नीळ माझ्याहून गडद निघाली. तिने त्यात माझा भुगा मिसळला, पांढऱ्याची पूड खरवडून घातली, पुन्हा कोपऱ्यात घासले. पुन्हा थोडा पांढरा. तिसऱ्या वेळी तिने फुलाकडे पाहिले, कोपऱ्याकडे पाहिले आणि बोट पाकळीवर टेकवले.

त्या पाकळीत मी आहे आणि नीळही आहे. कुठे मी संपतो आणि कुठे ती सुरू होते, हे आज मलाही सांगता यायचे नाही.

पांढऱ्याने तिसरी इवलीशी पाकळी झाली. पिवळे ठिपके पडले. प्रेमिलाने हात मागे घेतला. थोड्या वेळाने सगळ्यांसमोर फूल मिटले.

इंदुताई उठून जवळ आल्या. मिटलेल्या फुलाकडे वाकून त्यांनी पाहिले, मग चित्राकडे.

"ती खालची फिकी पाकळी," त्या म्हणाल्या, "आत्ता समोर बसले होते तरी मला ती तुझ्या कागदावर आधी दिसली." मग जरा थांबून विचारले, "मागच्या वर्षीचा गुलाब आहे का गं अजून?"

 पार्वतीबाईने उत्तर दिले. "नाही जी. तिनं त्याच दिवशी चुलीत टाकला."

इंदुताईंनी पदराने कपाळ टिपले. "मी तुला विचारायला हवं होतं, प्रेमिला. मी नुसतं सांगून मोकळी झाले."

"मी पण बोलली नाही, बाई."

"तू लहान होतीस," इंदुताई म्हणाल्या, आणि सायकलकडे वळल्या.

सोमवारी चित्र शाळेत कसे न्यायचे हा प्रश्न होता. गुंडाळले तर रंग झडणार, दप्तरात घातले तर घासणार. आनंदराव म्हणाले, मी घेतो. पार्वतीबाई म्हणाली, नाही. तिने स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली, तिच्यात चित्र सपाट ठेवले आणि परात दोन्ही हातांवर धरून ती लेकीबरोबर निघाली. वारा आला की ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. वाटेत एका ओळखीच्या बाईने विचारले, "काय वं, परातीत काय नेऊन राहिली?" पार्वतीबाईने मानही वळवली नाही. "केना," ती म्हणाली. "हात नको लावू."

चित्र काचेखाली गेले आणि सभागृहात लागले. खाली नाव लिहिले होते. पार्वतीबाईला वाचता येत नव्हते, म्हणून प्रेमिलाने तिला ते बोटाने एकेक अक्षर दाखवून वाचून दाखवले. चारुशीला काचेजवळ नाक नेऊन बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "उद्या सकाळी मला दाखवशील? खरं फूल?"

"लवकर ये," प्रेमिला म्हणाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. प्रेमिला मोठी झाली, आणि माझी काडेपेटी तिच्याच टेबलावर असते. शेतीखात्याच्या एका कार्यालयात ती शेतकऱ्यांसाठी तणांचे तक्ते काढते. गेल्या पावसाळ्यात तिने तिथे केना काढला. तक्त्यावर सगळ्यात देखणे चित्र तेच होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापले होते: 'दिसताच मुळासकट उपटून टाकावे.' घरी येऊन तिने हे आईला सांगितले तेव्हा पार्वतीबाई म्हणाली, "उपटा म्हणा खुशाल. भाजी करता येते." ती आता म्हातारी झाली आहे, पण लेकीच्या टेबलावरच्या कोणत्याही कागदाला हात लावण्याआधी अजून विचारते.

मित्रांनो, मी थोडाच उरलो आहे, म्हणून थोडेच मागतो. तुमच्या पेटीतला रंग आखूड झाला तर फेकू नका. शेवटच्या भुग्यानेही पाकळी भरते. कोणाचा कागद मळका दिसला तर पुसण्याआधी विचारा. आणि तुमच्या वर्गातले कोणी म्हणाले, "हे मीच काढले," तर बाकावर बसून हसू नका. सकाळी लवकर उठा, नाला ओलांडा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. फूल मिटायच्या आत पोचा.